झुकत्या फांद्यांची निगा

ज्यांच्या फांद्या जमिनीकडे झुकतात अशा वृक्षांस इंग्रज लोक 'रडणारे वृक्ष' म्हणतात. मला तरी त्यांत रडण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. न्हाऊन केस मोकळे सोडलेल्या स्त्रीची आठवण मात्र होते. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरासारख्या वस्तींत घरापुढें चार हात अंगण असलें, तरी असें एखादें झाड तेथें सुखानें वाढतें. लोंबता अशोक आणि बॉटलब्रश हीं त्यांतलीं सर्वांत सोयीचीं.

फांद्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर येऊं लागल्या, कीं आपण माळ्यास बोलावितों आणि तो सर्व टोकें एका रेषेंत कापून मोकळा होतो. कापलेल्या प्रत्येक टोकामागून तीन-चार कोंब फुटतात, आणि वर्षभरांत पडद्याच्या जागीं केरसुणी उभी राहते. झुकत्या झाडाचें वळण खालून घडत नाहीं, तें वरून घडतें. म्हणून गर्दी करणारी फांदी निवडून तिच्या उगमापाशींच काढावी. फांदी आंखूडच करावयाची असेल, तर वरच्या अंगास असलेल्या डोळ्याच्या किंचित् पुढें छाटावी. त्या डोळ्याचा कोंब आधीं वर व बाहेर जातो आणि मग कमान घेऊन खालीं येतो. खालच्या डोळ्याचा कोंब सरळ बुंध्याला लगटतो आणि झाड छत्रीऐवजीं मिटलेली छत्री दिसूं लागतें!

बॉटलब्रश मूळचा ऑस्ट्रेलियांतील ओढ्याकांठचा. रोप लहान असतांना शेंडा काठीस सैल सुतळीनें बांधून उभा ठेवावा. खालच्या फांद्या एकदम न काढतां, दरवर्षीं थोड्या थोड्या काढीत, सहा-सात फूट बुंधा मोकळा करावा. त्यांच्याच पानांवर बुंधा जाड होत असतो. सुतळी वेळींच सोडावी, नाहींतर ती सालींत रुतते. या झाडाची एक गंमत अशी कीं, लाल तुऱ्याच्या पुढें तीच डहाळी पुन्हां वाढत जाते आणि मागें लांकडी बोंडांचें कडें वर्षानुवर्षें राहतें. बहर ओसरतांच तुऱ्याच्या लगत मागें छाटलें, तर नवे फुटवे पुढील बहर धरतात. हिवाळ्याअखेर छाटल्यास कळ्याच हातीं येतात. जून फांद्यांची विरळणी पहिल्या पावसानंतर, उघडीप पाहून करावी. एका खेपेस चौथा हिस्सा पुष्कळ झाला. ऐन वैशाखांत बुंधा उघडा पाडूं नये, साल भाजते.

फांदी काढतांना तिच्या मुळाशीं असलेला फुगवटा राखावा. खुंटी ठेवली तर ती कुजते, बुंध्याशीं सपाट कापलें तर जखम मोठी होते. जखमेवर डांबर फासण्याची चाल जुनी आहे, पण त्यानें कूज थांबत नाहीं. झाड आपल्या जखमेभोंवतीं स्वतःच कुंपण घालतें.

अशोकाला तर याहूनहि कमी हात लावावा. हा सीतेचा अशोक नव्हे, हें जातां जातां सांगतों. तो वृक्ष निराळा, नारिंगी-तांबड्या फुलांचा. या लोंबत्या अशोकाचें सारें रूप त्याच्या एका सरळ शेंड्यांत असतें. विजेच्या तारांपायीं शेंडा उडविला, कीं तीन-चार शेंडे स्पर्धेनें वर येतात, त्यांची पकड कच्ची असते, आणि वादळांत पहिल्यानें तेच मोडतात. तेव्हां तारांखालीं हें झाड लावूंच नये. आधींच लावलेलें असेल, तर परस्पर कुऱ्हाड उचलूं नका. शहरांतील झाडांच्या जतनासाठीं 1975 सालीं झालेल्या कायद्यान्वयें आपल्या अंगणांतलें झाड तोडण्यासहि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.