पाचारण, ख्रिस्ती

रोजचे प्रामाणिक काम हे ईश्वराने सोपविलेले सेवाकार्य होय, अशी ख्रिस्ती धर्मातील संकल्पना. संत पॉल स्वतः तंबू बनवून निर्वाह करी. मध्ययुगात मात्र ही संज्ञा मुख्यतः धर्मगुरू व मठवासी यांच्यापुरती राहिली. मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) ती शेतकरी, कारागीर, गृहिणी यांच्या कामासही लावली. कॅथलिक पंथात बाराव्या पायस पोपने १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत जोसेफचा सण ठरविला. मुंबई उपनगरांतील मरोळ, गोराई इ. गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरमध्ये ‘आगेरा’ हा सुगीचा सण पाळतो; त्यात नव्या भाताच्या लोंब्यांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. बहुतेक शेते इमारतींखाली गेली, तरी हा विधी टिकून आहे. कारखाना व कचेरीतील कामालाही तेच पावित्र्य कसे लाभावे, हा या संकल्पनेपुढील आजचा प्रश्न होय.