क्वासार : नाव आणि वस्तू

शास्त्रीय संज्ञा घडते तेव्हा वस्तूचे ज्ञान बहुधा अपुरे असते. पुढे ज्ञान वाढते, नाव मात्र तेच राहते. ‘क्वासार’ ही संज्ञा याचे बोधप्रद उदाहरण होय.

१९६२ साली ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीने, केंब्रिजच्या तिसऱ्या सूचीतील २७३ क्रमांकाचा रेडिओस्रोत चंद्रबिंबाआड जात असता त्याचे स्थान अचूक ठरविले. त्या जागी दृश्य प्रकाशात ताऱ्यासारखा एक बिंदू होता. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा तांबड्या बाजूस सुमारे १६ टक्के सरकल्याचे ओळखले. वस्तू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर होती! १९६४ साली हाँग-यी च्यू यांनी ‘तारासदृश रेडिओस्रोत’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप करून ‘क्वासार’ हे नाव रूढ केले.

या नावातील दोन्ही घटक पुढे अपुरे ठरले. हे तेज दीर्घिकेच्या केंद्रस्थ महाकाय कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूचे असते. शिवाय दहांपैकी सुमारे नऊ क्वासार रेडिओलहरींत क्षीणच आढळतात. ही दुरुस्ती कोणत्याही एका प्रकारच्या किरणाने झाली नसती. दृश्य प्रकाश मुख्यतः विवराभोवतीच्या तप्त चकतीतून येतो आणि त्याच्या वर्णपटावरून अंतर कळते. प्रबळ रेडिओलहरी प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघणाऱ्या झोतांचा पत्ता देतात. क्ष-किरण विवराच्या अगदी निकटच्या अतितप्त वायूची वार्ता आणतात. क्वासारांचे तेज काही आठवड्यांतही बदलते. म्हणून ही निरीक्षणे शक्यतो एकाच काळी घ्यावी लागतात. बदल कोठे आधी व कोठे मागाहून दिसतो, यावरून आतील रचनेचा अंदाज बांधता येतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील पोथ्या अभ्यासणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही : एकाच प्रतीवर पाठ ठरवीत नाहीत.

महाराष्ट्रात या कार्याची साधने आहेत. पुणे जिल्ह्यात खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ-तबकड्या आहेत. गिरवली येथे २ मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण आहे. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात. त्यांच्यासाठी भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ अवकाशात पाठविला.

आता प्रश्न मराठी संज्ञेचा. ‘ताराभ’ असा शब्द घडविल्यास १९६४ चे अपुरे ज्ञान आपण नव्याने रुजवू. ‘क्वासार’ मराठीत अर्थशून्य आहे. पण त्यामुळेच तो दिशाभूल करीत नाही. याउलट ‘क्ष-किरण’ हा शब्द यशस्वी आहे. राँटगेन यांनी १८९५ मध्ये अज्ञाताचे जे बीजगणिती चिन्ह योजले, त्याच्या जागी मराठीने बीजगणितातलेच आपले ‘क्ष’ ठेवले. अक्षर बदलले, कार्य तेच राहिले. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञातासाठी ‘यावत्तावत्’ ही संज्ञा आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख सांगतो. अज्ञाताला अज्ञातच म्हणावे, त्यावर अकाली अर्थ लादू नये, ही शिस्त खानदेशाला परकी नाही. परिभाषा घडविणाऱ्याने तिचे स्मरण ठेवावे, हे इष्ट.