‘धडधड’ : गर्भावस्थेतील शीघ्र हृद्गती आणि तिची भाषा

गरोदर स्त्री ‘जीव घाबरा होतो’ असे म्हणते, तेव्हा ती नेमके काय सांगत असते, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच अर्थविचाराचाही आहे. शब्दशः घेतल्यास हे भीतीचे वाक्य होय. परंतु नित्य व्यवहारात तेच वाक्य धाप, भोवळ, अशक्तपणा आणि हृदयाचे जलद ठोके या सर्वांसाठी योजले जाते. उलट ‘धडधड’ आणि ‘धडकी’ हे शब्द छातीतील आघाताचे. तथापि ‘धडकी भरणे’ म्हणजे केवळ भिणे. संवेदना, तिचे शारीरिक कारण आणि तिच्यासोबतची भावना या तिन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच शब्दसमूहात वावरतात. ललित वाङ्मयात हा गुण ठरेल; रुग्णपरीक्षेत मात्र त्यामुळे रोगाला भीती समजण्याचा धोका संभवतो.

हा धोका गर्भावस्थेत अधिक असतो. याचे कारण असे की, या काळात हृदय काहीसे जलद चालणे प्राकृतच होय. आरंभीच्या आठवड्यांतच रक्तवाहिन्या शिथिल होऊन त्यांचा रोध घटतो. पुढे रक्तद्रवाचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. तांबड्या पेशी त्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून रक्त तुलनेने पातळ होते. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त ३० ते ५० टक्क्यांनी वाढते. ही वाढ प्रथम मुख्यतः प्रत्येक ठोक्यातील अधिक रक्तामुळे आणि उत्तरार्धात ठोक्यांच्या वाढत्या संख्येमुळे साधली जाते. परिणामी विश्रांतीतील नाडी मिनिटास १० ते २० ठोक्यांनी वाढते. पूर्वी ७५ असलेली नाडी ९० झाली, तर त्यात नवल नाही. १०० च्या वरील गतीला शीघ्र हृद्गती म्हणतात आणि तिचे कारण शोधावे लागते. विश्रांतीतही ती १२० च्या वर टिकून राहिली, तर तपासणीस विलंब करणे योग्य नव्हे.

कारणांत रक्तक्षय हे भारतात प्रमुख होय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या गर्भवतींपैकी सुमारे ५२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्वर, जंतुसंसर्ग, वांत्यांमुळे झालेला जलक्षय, रक्तस्राव, थायरॉइड ग्रंथीचा अतिरिक्त स्राव आणि फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी यांमुळेही नाडी धावू लागते. यांपैकी काही कारणे साधी, काही प्राणघातक आहेत. पण रुग्णेचे वाक्य बहुधा तेच असते.

बालपणीच्या संधिवातज्वराने अरुंद झालेल्या द्विदल झडपेचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. डाव्या अलिंदातून निलयात रक्त उतरते ते दोन ठोक्यांच्या मधल्या अवकाशात. गती वाढली की हा अवकाश आखडतो. निरोगी झडपेतून तेवढ्या वेळातही पुरेसे रक्त उतरते. अरुंद झडपेमागे ते तुंबते, फुप्फुसात दाब वाढतो आणि उताणे पडताच धाप लागते. अशा स्त्रीला आपला विकार पूर्वी ठाऊकही नसतो. गर्भावस्थेतील वाढीव रक्तभारच तो प्रथम उघड करतो. ‘पहिलटकरीण आहे, घाबरली असेल’ हा निष्कर्ष येथे जिवावर बेतू शकतो.

तथापि बोलीची सूक्ष्मता वाया घालवण्याचेही कारण नाही. ‘ठोका चुकला’ हे प्रयोग एकेका घटनेचे. त्यामागे अनेकदा निरुपद्रवी अकालिक ठोका असतो. ‘धडधड’ ही द्विरुक्ती सातत्य दाखवते. हे सातत्य एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबत असेल, तर हृदयातील विद्युत्‌मार्गाच्या दोषाने येणाऱ्या झटक्याची शंका घ्यावी. अशा झटक्यात नाडी १५० च्या पुढे, क्वचित २०० च्याही पुढे जाते. त्या वेळी काढलेला विद्युत् हृल्लेख, म्हणजे व्यवहारातील ई.सी.जी., निदान निश्चित करतो. श्वास रोखून जोर करण्यासारख्या क्रियांनी झटका न थांबल्यास शिरेवाटे अ‍ॅडेनोसिन देतात. रक्तदाब ढासळल्यास विजेचा नियंत्रित धक्काही गर्भावस्थेत देता येतो. उपचार टाळणे हे मातेप्रमाणेच गर्भालाही अहितकारक असते.

गर्भालाही स्वतंत्र हृदय आहे, ही जाणीव तर मराठीच्या एका घरगुती शब्दात दडलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे सांगून, अशा दोन हृदयांच्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हटले आहे. तिच्या इच्छांचे वाचक ‘दोहद’ प्राकृतातील ‘दोहल’मधून मराठीत ‘डोहाळा’ झाले. ‘दोहद’चे मूळ ‘द्विहृदय’ की ‘दुर्हृद्’ यावर मतभेद आहेत. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गारंभी ‘दौर्हृद’ हेच रूप येते. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली, तरी दोन हृदयांची कल्पना आजच्या परीक्षकालाही उपयुक्त आहे. गर्भाची प्राकृत हृद्गती मिनिटास ११० ते १६० असते. मातेची गती १३० झाली, तर दोन्ही आकडे एकाच कक्षेत येतात आणि पोटावर ठेवलेल्या यंत्रातून ऐकू येणारे ठोके मातेचे असूनही गर्भाचे मानले जाऊ शकतात. म्हणून गर्भाचे ठोके ऐकताना मातेची नाडी हाताने मोजण्याचा दंडक आहे.

सारांश, ‘जीव घाबरा होतो’ हे निदान नव्हे, तसेच ते दुर्लक्षणीय उद्गारही नव्हे. तो प्रश्नांचा आरंभ होय. ‘भीती वाटते, की छातीत उडते?’, ‘एकदम सुरू होते, की हळूहळू?’, ‘निजल्यावर दम लागतो का?’, ‘घेरी आली होती का?’ असे चार प्रश्न रुग्णेच्याच बोलीत विचारले, आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, तर त्या एका वाक्यात मिसळलेले अर्थ पुष्कळ अंशी वेगळे होतात.