डूलॅली

डूलॅली हे ब्रिटिश इंग्रजीतील अनौपचारिक विशेषण असून त्याचा अर्थ 'भ्रमिष्ट' किंवा 'डोके फिरलेला' असा होतो. नाशिकजवळील देवळालीच्या नावावरून हा शब्द तयार झाला.

व्युत्पत्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळाली कॅम्प येथे ब्रिटिश सैन्याची संक्रमण छावणी होती. सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची येथे वाट पाहत. ही जहाजे साधारणतः हिवाळ्यातच सुटत. त्यामुळे हंगाम हुकलेल्यांना कित्येक महिने थांबावे लागे. रिकामपण, उन्हाळा, मद्यपान व आजार यांमुळे काहींचे वर्तन विचित्र होई. त्या अवस्थेला सैनिक 'डूलॅली टॅप' म्हणत. 'टॅप' हे हिंदुस्तानीतील 'तप' म्हणजेच मराठीतील 'ताप' होय. इंग्रजीत 'ळ' हा उच्चार नसल्याने त्याचा 'ल' झाला. पुढे उत्तरपद गळून केवळ 'डूलॅली' उरले.

अर्थविस्तार

मूळ शब्द स्थलवाचक होता. 'देवळालीत असलेला' या वाच्यार्थावरून 'भ्रमिष्ट' हा लक्ष्यार्थ रूढ झाला. मराठीत 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्यात भरती करा' हे प्रयोगही लक्षणेवरच आधारलेले आहेत. मात्र त्या गावांत मनोरुग्णालये आहेत. देवळालीच्या नावाला हा अर्थ चिकटला तो लांबलेल्या प्रतीक्षेमुळे.

सद्यस्थिती

ब्रिटनमध्ये हा शब्द आजही विनोदाने वापरला जातो. अनेकांना त्यामागील गाव ठाऊक नसते. बीबीसीच्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' (1974–1981) या विनोदी मालिकेचे कथानक आरंभी देवळालीतच घडते. भारतात मात्र देवळालीची ओळख तोफखाना प्रशिक्षण केंद्र आणि आल्हाददायक हवा यांमुळे आहे.