सूट की सोय?

शाळा आणि श्रद्धा : लेखांक ७

पीटीच्या तासाला मैदानाच्या कडेला बसलेली मुलगी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. घरून चिठ्ठी आलेली असते, सरांनी ती वाचून खिशात ठेवलेली असते. विषय मिटतो. आजच्या लेखांकात या चिठ्ठीबद्दलच बोलायचं आहे, पण त्यासाठी आधी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात जाऊ.

तिथल्या शाळेत पोहण्याचा तास सक्तीचा, आणि मुलामुलींचा एकत्र. वयात आलेल्या मुलींना धार्मिक कारणासाठी त्यातून सूट मिळू शकत होती, लहान मुलींना नाही. तुर्की वंशाच्या एका मुस्लिम दांपत्याने आपल्या दोन लहान मुलींना पाठवायला नकार दिला. वयात येण्याआधी अंग झाकण्याची धर्माज्ञा नाही हे त्यांनाही मान्य होतं. पण मुलींच्या मनाची तयारी आतापासूनच व्हावी, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेची बाजू अशी : अंगभर पोहण्याचा पोशाख, म्हणजे बुर्किनी, चालेल, कपडे बदलायला मुलींची वेगळी जागा आहे. तोडगा निघाला नाही. २०१० मध्ये आईवडील दोघांना प्रत्येक मुलीमागे ३५० फ्रँक, असा एकूण १४०० फ्रँक दंड झाला. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोचलं. १० जानेवारी २०१७ चा निकाल शाळेच्या बाजूने लागला. पालकांच्या धर्मस्वातंत्र्याला बाधा आली हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही, हा तास नुसतं पोहणं शिकण्यासाठी नाही, बाकीच्या मुलांबरोबर ते शिकण्यासाठी आहे, हे कारण त्याला जास्त वजनदार वाटलं.

शेजारच्या जर्मनीत सूट देण्यापासून ती नाकारण्यापर्यंतचा प्रवास वीस वर्षांत झालेला दिसतो. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं होतं, की मुलींचा वेगळा तास ठेवता येत नसेल तर मुस्लिम विद्यार्थिनीला एकत्र खेळाच्या तासातून सूट द्या. २०१३ मध्ये फ्रँकफुर्टच्या एका मुलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सूट नाकारली. बुर्किनी घालून तिने पाण्यात उतरावं, असा निर्णय दिला.

मला हा बदल योग्य वाटतो. सूट देणं शाळेला सोपं असतं, कारण काहीच करावं लागत नाही. मुलगी मात्र पोहणं न शिकताच मोठी होते. सोय करायची तर शाळेला हातपाय हलवावे लागतात : आडोशाची खोली, शक्य तिथे शिक्षिका, पोशाखाच्या नियमात बदल. पण एक गोष्ट मनाला लागून राहते. वर्गात एकटीच वेगळ्या पोशाखात उतरणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या पोरीला किती अवघडल्यासारखं होत असेल! अंगभर पोशाख सगळ्यांनाच खुला ठेवला तर? उन्हाने कातडी जळणारी, अंगावर भाजल्याचे डाग असलेली, नुसती लाजाळू मुलंही तो घालतील. मग तो कुणा एकीचा राहणार नाही.

मोठ्या स्पर्धांनाही पोशाखाच्या नियमात अशी सोय करणं जमलं आहे. फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी २०१४ मध्ये हिजाब आणि पगडीला परवानगी दिली, बास्केटबॉलने २०१७ मध्ये. अट सुरक्षिततेची : कापड सैल लोंबू नये, दुसऱ्याला इजा होऊ नये. शाळेतही शीख मुलाच्या हातातल्या कड्यावर खेळताना मनगटपट्टी चढवली की काम भागतं.

आपल्याकडे पोहण्याचे तलाव फार थोड्या शाळांत आहेत. प्रश्न येतो तो पोशाखाचा आणि उपवासाचा. हाफ पँटचा आग्रह सोडून ट्रॅक पँट चालू केली की कितीतरी मुली कडेवरून मैदानात येतात. उपवासाला थोडं अधिक नियोजन लागतं. पर्युषणात काही जैन मुलं फक्त उकळलेल्या पाण्यावर असतात, तेही सूर्यास्ताच्या आत. रोजा धरलेला मुलगा दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाही, आणि रमजान इंग्रजी वर्षात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत येतो. म्हणून जूनमध्ये वर्षाचं वेळापत्रक आखताना क्रीडाशिक्षकांनी पंचांग आणि हिजरी दिनदर्शिका दोन्ही समोर ठेवावीत. ६०० मीटर धावण्याची चाचणी त्या दिवसांत आली असेल, तर ती पुढे ढकलावी. त्या काळात कॅरम आणि बुद्धिबळाचे पट बाहेर काढावेत, सगळ्या वर्गासाठी.