डोंगरातल्या दुर्बिणीची सव्वाशे वर्षं

डोंगरातली शिकार चालते पायांनी, पण साधते नजरेने. दगडाच्या रंगाचं जनावर दगडांतच बसलेलं असतं. ते दिसलंच नाही, तर उत्तम बंदूकही खांद्यावरचं ओझं. म्हणून आल्प्स, स्कॉटलंड आणि रॉकीजमधल्या शिकाऱ्यांनी भिंगाला बंदुकीइतकंच जपलं.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांच्या मागावर जाणाऱ्या वाटाड्याच्या खांद्याला पितळी एकनळी दुर्बीण असे. उताणं पडून, नळी गुडघ्याला टेकवून तो समोरचा उतार न्याहाळत राही. ही नजर इतकी तयार होती, की बोअर युद्धासाठी १९०० साली लॉर्ड लोव्हॅट यांनी अशाच माणसांमधून ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही टेहळणी पलटण उभी केली. पण एका डोळ्याने पाहताना डोळा लवकर शिणतो, आणि भिंग जितकं मोठं दाखवेल तितका दिसणारा टापू चिंचोळा होतो.

दोन डोळ्यांनी पाहायची गॅलिलिओच्या पद्धतीची दुर्बीण तेव्हाही होती. मात्र तिची मजल तीन-चार पटींपर्यंतच. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी लोलकांनी उलटी प्रतिमा सुलट करण्याचं पेटंट १८५४ साली घेतलं होतं. अडलं होतं ते चांगल्या काचेपाशी. येना गावात एर्न्स्ट आबे आणि ओटो शॉट यांच्या कामातून ती काच आली, आणि १८९४ साली कार्ल झाइसच्या कारखान्याने लोलकांची दुर्बीण विकायला काढली. आज गळ्यात अडकवतो ती दुर्बीण याच घराण्यातली.

पुढचा प्रश्न उजेडाचा होता. जनावर चरायला निघतं ते फटफटताना आणि दिवस मावळताना. काचेच्या प्रत्येक पृष्ठावर चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशी दहा पृष्ठं ओलांडताना चाळीस टक्क्यांच्या आसपास उजेड वाटेतच गळतो. १९३५ साली झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिपातळ लेप चढवून ही गळती रोखली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लष्करी गुपित राहिलं. शिकाऱ्याच्या हाती लेपाची भिंगं आली ती युद्धानंतर. १९४९ साली ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात, आबसाम इथे स्वारोव्स्की ऑप्टिक सुरू झाली. आता दुर्बिणी घडत होत्या त्या शिकारीच्या डोंगरांच्या पायथ्याशीच.

सरळ नळीची, छत-लोलकाची सुटसुटीत दुर्बीण विसाव्या शतकाच्या आरंभीच आली होती, पण चित्राच्या स्पष्टतेत ती मागे पडे. १९८८ साली झाइसने लोलकावर वेगळा लेप देऊन हा दोष दूर केला. तेव्हापासून पाठीवर ओझं घेऊन चढणाऱ्याने हीच दुर्बीण आपलीशी केली.

राहिलं ते अंतर. डोंगरातली हवा स्वच्छ, मध्ये झाड नाही, घर नाही. दरीपलीकडचं जनावर आहे त्याहून जवळ भासतं. अंतर चुकलं की गोळी खाली जाते आणि जखमी जनावर कड्यात नाहीसं होतं. आरशांचे अंतरमापक आरमाराकडे होते, पण त्यांची अचूकता त्यांच्या लांबीत होती. हाती मावेल असं साधन मिळालं ते लेझरमुळे. थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर १९६० साली चालवून दाखवला, आणि १९९२ साली लायकाच्या ‘जिओव्हिड’ने दुर्बीण व लेझर अंतरमापक एकत्र आणले. तीनशे मीटरवरून प्रकाश परत यायला एका सेकंदाचे दोन दशलक्षांश पुरतात. यंत्र तेवढाच वेळ मोजतं.

पुढे यंत्रं उताराचा कोनही मोजू लागली, आणि डोंगरासाठी हीच खरी सुधारणा. तीस अंशांच्या उतारावर तिरपं अंतर चारशे मीटर असेल, तर आडवं अंतर भरतं सुमारे ३४६. नेम धरायचा तो साधारण या दुसऱ्या आकड्यावर. मात्र धुकं आणि हिमवर्षाव लेझरला अडवतात, आणि पुढ्यातलं गवतही चुकीचा आकडा देऊन जातं. म्हणून जनावराजवळच्या खडकावर दोन-तीनदा मोजून पाहावं.

या साऱ्या वाटचालीतून निवडीचा सल्ला साधा निघतो. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२. संधिप्रकाशात हा फरक जाणवतो. दहा पटींपुढे हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. तिथे तिपाई हवीच. पैसे मोजकेच असतील तर ते आधी चांगल्या भिंगाला द्यावेत, मग अंतरमापकाला, कारण न दिसलेल्या जनावराचं अंतर मोजता येत नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. स्पितीच्या उतारांवर आयबेक्स आणि भरल शोधणारे अभ्यासक आज दुर्बिणीनेच त्यांची गणती करतात. जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथल्या शिकाऱ्याला मात्र एकच सांगणं आहे: अंतरमापक लांबून गोळी झाडण्याचा परवाना नव्हे. आकडा आपल्या हाताच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर आणखी जवळ जावं. तेही शक्य नसेल, तर बंदूक खाली ठेवावी.