देशी मक्याला आधार सोलपटाचा

मक्याचे दाणे काढून घेतले की कणसाचे सोलपट गुरांपुढे जाते किंवा चुलीत. मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यातील तोनावीश्त्ला या मिश्तेक समाजाच्या गावात मात्र याच सोलपटापासून उंची टेबले, दिवे, फुलदाण्या आणि भिंतींवरील जडावकाम यांसाठी साहित्य तयार होते. मेक्सिकन डिझायनर फर्नांडो लापोस यांनी गावातील कुटुंबांच्या साहाय्याने उभारलेल्या या उपक्रमाचे नाव ‘तोतोमोश्त्ले’. नाहुआत्ल भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी कणसाचे वाळलेले सोलपट असा आहे.

मका हे मेक्सिकोचेच पीक. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी ‘तेओसिंते’ या रानगवतापासून ते घडवले. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेतील स्वस्त मका बाजारात येत गेला. त्यापुढे लहान शेतकऱ्यांचा टिकाव लागेना. संकरित बियाणे आणि तणनाशके आली, जमिनीची धूप वाढली, तरुण गाव सोडून गेले आणि रंगीत देशी वाण शेतातून जवळपास नाहीसे झाले.

हे वाण परत आणण्यास मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राची जनुकपेढी उपयोगी पडली. या पेढीत मक्याचे २८ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

कृती साधी आहे. सोलपटे सोडवून इस्त्रीने सपाट करतात, कागदाच्या किंवा कापडाच्या अस्तरावर चिकटवतात, ठरावीक आकारात कापतात आणि ते तुकडे लाकडी जडावाप्रमाणे जुळवतात. यातील बरेचसे काम गावातील स्त्रिया करतात. जांभळा, लालसर, गुलाबी, पिवळसर हे सारे रंग निसर्गदत्त असून ते देशी वाणांतच मिळतात. संकरित मक्याचे सोलपट बहुधा फिकट असते.

या उपक्रमाचे मर्म येथेच आहे. वस्तूचे सौंदर्य बियाण्यावर अवलंबून असल्यामुळे वस्तूला मागणी आली की देशी बियाणे पेरण्यासही कारण मिळते. दाणे घरच्या अन्नासाठी राहतात, सोलपटाचे पैसे वेगळे मिळतात. धूप रोखण्यासाठी गावात घायपातीची लागवडही होते.

अर्थात उंची वस्तूंची बाजारपेठ लहान असते, त्यामुळे हा मार्ग प्रत्येक तालुक्याला लागू पडणार नाही. मात्र जेथे वाण दुर्मीळ, क्षेत्र मर्यादित आणि हस्तकौशल्य उपलब्ध आहे, तेथे तो विचारार्ह ठरतो. आपल्या ईशान्येकडील डोंगराळ भागांत रंगीत देशी मका आजही पिकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा वाणांची पाहणी करताना दाण्याबरोबर सोलपट, ताट आणि तंतू यांच्या रंगाची व पोताचीही नोंद ठेवावी. खरेदीदार निश्चित होण्यापूर्वी शेतकऱ्याला केवळ सोलपटाच्या आशेवर क्षेत्र वाढवण्याचा सल्ला मात्र देऊ नये.